डिफर्ड एमबीएचे एसे कसे लिहायचे: कॉलेजच्या शेवटच्या वर्षात असलेल्यांसाठी

कॉलेज संपायच्या आतच बी-स्कूलला अप्लाय करायचं, सीट पक्की करून ठेवायची, मग काही वर्षं नोकरी करून एमबीएला जायचं, याला डिफर्ड अ‍ॅडमिशन म्हणतात. हार्वर्डचा २+२ हा यातला सगळ्यात ओळखीचा प्रोग्राम, २००७ मध्ये जाहीर झालेला, आणि आता जवळपास सगळ्या मोठ्या अमेरिकन बी-स्कूल्सकडे असं काहीतरी आहे. मी यातून गेलोय आणि ज्युनियर्सचे ड्राफ्ट वाचत असतो, आणि खरं सांगायचं तर बहुतेकांची गाडी जीमॅट या प्रवेशपरीक्षेवर नाही, एसेवरच, म्हणजे अर्जासोबत लिहायच्या निबंधांवरच अडते. कारण नेटवर एसेबद्दलचे जे सल्ले मिळतात ते चार-पाच वर्षं नोकरी केलेल्या लोकांसाठी असतात. त्यांच्याकडे प्रमोशन, टीम, क्लायंट असं सगळं सांगायला असतं, तुमच्याकडे नसतं, आणि मग पोरं कॉलेज फेस्टचं स्पॉन्सरशिप मॅनेजमेंट फुगवून फुगवून लिहितात.

पूर्ण लेखात मी एकच गोष्ट वेगवेगळ्या प्रकारे सांगणार आहे: तुमच्याकडे कामाचा रेकॉर्ड नाही, त्यामुळे वाचणारा तुमचे निर्णय बघतो. काय मिळवलं ते रेझ्युमेवर आहेच. कुणी सांगितलं नसताना तुम्ही काय निवडलंत, काय सोडलंत आणि का, ते एसेमध्ये यायला हवं.

## १. आधी आपण बसतो का ते बघा

एसे लिहायला बसायच्या आधी एलिजिबिलिटी नीट वाचा, प्रत्येक स्कूलची वेगळी. ढोबळमानाने ग्रॅज्युएशनच्या शेवटच्या वर्षाला असलेले, किंवा ग्रॅज्युएशननंतर फुलटाइम नोकरी न करता सरळ मास्टर्सला गेलेले आणि आता मास्टर्सच्या शेवटच्या वर्षाला असलेले, एवढेच यात येतात. मध्ये फुलटाइम नोकरी केली असेल तर बहुतेक ठिकाणी दार बंद. इंटर्नशिप चालते.

किती वर्षं थांबायचं हेही सारखं नाही. हार्वर्ड आणि व्हार्टन (तिथे प्रोग्रामचं नाव मोएलिस अ‍ॅडव्हान्स अ‍ॅक्सेस) दोन ते चार वर्षं देतात. कोलंबिया, शिकागो बूथ, एमआयटी स्लोन, केलॉग, बर्कली हास, डार्डन हे दोन ते पाच. स्टॅनफर्डला एक ते चार वर्षं डिफर करता येतं, किंवा सरळ कॉलेजमधून जाताही येतं. येलचा सिल्व्हर स्कॉलर्स लोक याच यादीत टाकतात, पण तो डिफर्ड नाही, तिथे ग्रॅज्युएशननंतर लगेच एमबीए सुरू होतं आणि मध्ये इंटर्नशिपसाठी बाहेर पडून परत यायचं असतं. त्यामुळे येलच्या एसेमध्ये "पुढची तीन वर्षं मी नोकरी करणार" असं लिहिलंत तर प्रोग्रामच समजला नाही हे पहिल्याच ओळीत कळतं.

डेडलाइन्स बहुतेक एप्रिलच्या आसपास असतात. म्हणजे नेमका फायनल इयरचा प्रोजेक्ट आणि परीक्षेचा काळ. एसे जानेवारीत हातात घ्या, मार्चमध्ये नाही.

## २. काय काय लागतं

- वेगवेगळ्या स्कूलचे प्रश्न एका फाईलमध्ये, शब्दमर्यादेसकट, त्याच वर्षीच्या फॉर्ममधून कॉपी केलेले (गेल्या वर्षीचे प्रश्न ब्लॉगवरून उचलू नका, बदलतात)
- ट्रान्स्क्रिप्ट, आत्तापर्यंतच्या सगळ्या सेमिस्टरची
- जीमॅट किंवा जीआरईचा स्कोअर, दोन्ही पाच वर्षं चालतात. जीमॅटचं आताचं रूप २०५ ते ८०५ स्केलवर आहे, जुन्या ८०० वाल्या स्कोअरशी सरळ तुलना करू नका
- शिक्षण इंग्रजी माध्यमात नसेल तर टोफेल किंवा आयईएलटीएस, सूट कोणाला मिळते ते स्कूलच्या साइटवर बघा
- एक पानी रेझ्युमे
- एक किंवा दोन रेकमेंडर, म्हणजे तुमच्यासाठी शिफारसपत्र लिहिणारे
- फी. डिफर्डची फी बऱ्याच ठिकाणी रेग्युलरपेक्षा कमी असते आणि गरज असेल तर वेव्हर (फीमाफी) मागता येतो. लाजू नका, फॉर्म त्यासाठीच असतो

टेस्ट आधी संपवा. टेस्टची तयारी आणि एसे एकाच महिन्यात केले की दोन्ही अर्धवट होतात.

## ३. लिहू नका, आधी निर्णयांची यादी करा

ही पायरी सगळे टाळतात आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची आहे, त्यामुळे इथे जरा थांबतो.

कोरी फाईल उघडा आणि गेल्या पाच-सहा वर्षांत तुम्ही घेतलेले निर्णय लिहा. अचिव्हमेंट नको, निर्णय. ब्रँच का घेतली, ती बदलली का, कुठला क्लब सोडला आणि का सोडला, कुठल्या प्रोफेसरकडे स्वतःहून गेलात, कुठली इंटर्नशिप नाकारली, ग्रुप प्रोजेक्टमध्ये सगळे एका बाजूला असताना तुम्ही वेगळं काय म्हणालात, घरची कुठली जबाबदारी अंगावर घेतली. प्रत्येकासमोर तीन गोष्टी लिहा: दुसरा पर्याय काय होता, हा निवडल्यामुळे काय गमावलं, आणि नंतर काय झालं.

दुसरा पर्यायच नव्हता असं लक्षात आलं तर तो निर्णय नाही, ती फक्त घडलेली गोष्ट आहे, काढून टाका. "मी फेस्टचा कोऑर्डिनेटर झालो" ही घडलेली गोष्ट. "फेस्टमधल्या दोन इव्हेंट्सना दरवर्षी कोणीच येत नाही हे आकडे काढून दाखवलं आणि त्या बंद करायला लावल्या, त्यावरून सीनियर्स चिडले" हा निर्णय. दोन्ही एकाच माणसाच्या एकाच वर्षातल्या आहेत बघा, पण दुसऱ्यात माणूस दिसतो.

यादी पुरेशी लांब झाली की त्यात काहीतरी परत परत येताना दिसेल. कोणाचं सारखं "काम मोडलंय आणि कोणी लक्ष देत नाहीये" इथे जाऊन थांबतं, कोणाचं "बाहेर राहिलेल्या माणसाला आत आणणं" असतं, कोणाला सिस्टिम उघडून बघायची सवय असते. हा जो धागा आहे तो तुम्हाला शोधायचाय, ठरवायचा नाही. आधी थीम ठरवून त्यात प्रसंग कोंबणारे एसे लगेच ओळखू येतात, सगळे प्रसंग एकाच दिशेने इतके शिस्तीत चाललेले असतात की खरं आयुष्य तसं नसतं हे वाचणाऱ्याला माहीत असतं.

एक सोपी युक्ती: ही यादी मित्राला बोलून दाखवा, मराठीतच, आणि फोनवर रेकॉर्ड करा. इंग्रजीत लिहायला बसलं की आपण एकदम ऑफिसच्या ईमेलसारखं बोलायला लागतो, बोलताना तसं होत नाही. पण नंतर ते रेकॉर्डिंग शब्दशः इंग्रजीत उतरवू नका, त्यातले डिटेल्स तेवढे घ्या.

## ४. करिअरचा एसे: मधली वर्षं हाच खरा प्रश्न आहे

जवळपास प्रत्येक स्कूल विचारते की पुढे काय करायचंय आणि एमबीए कशाला. हार्वर्डने २०२४ मध्ये जुना मोठा मोकळा एसे बंद करून तीन छोटे विषय आणले, बिझनेसकडे बघण्याची दृष्टी, लीडरशिप आणि स्वतःची वाढ, प्रत्येकी २५०-३०० शब्दांच्या आसपास. त्यातला पहिला म्हणजे हाच प्रश्न. स्लोनला एसेऐवजी ३०० शब्दांचं कव्हर लेटर द्यावं लागतं, सोबत व्हिडिओ, पण विचारायचंय तेच.

रेग्युलर अर्जदाराला "आत्ता इथे आहे, एमबीए करून तिथे जायचंय" एवढं पुरतं. तुमच्या गोष्टीत मध्ये दोन ते पाच वर्षांचा पूल आहे आणि तो अजून बांधलेलाच नाही. पोरं नेमका हाच भाग एका वाक्यात उरकतात, आणि पंधरा वर्षांनी आपण कोण असू यावर अख्खा परिच्छेद लिहितात. उलटं करा. पंधरा वर्षांनंतरचं कोणीच तपासू शकत नाही, पुढच्या दोन वर्षांबद्दल तुम्ही किती विचार केलाय ते मात्र लगेच तपासता येतं.

समजा एक मुलगी आहे, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला, तिला शेतमाल टिकवण्याच्या धंद्यात पडायचंय. तिचा पहिला ड्राफ्ट असा असतो:

"पदवीनंतर मी एका नामांकित कन्सल्टिंग कंपनीत काम करून विविध उद्योगांचा अनुभव घेईन. त्यानंतर एमबीएच्या माध्यमातून नेतृत्वकौशल्य विकसित करून अन्नसाखळीत मोठा बदल घडवणारा उद्योग उभा करेन."

यात खोटं काही नाही, पण हे कोणीही लिहू शकतं, आणि लिहितातच. आता हे बघा:

"इंटर्नशिपमध्ये कळलं की कोल्ड स्टोरेजचं मशीन बंद पडल्यावर माल खराब होतो तो मशीनमुळे कमी आणि पार्ट मागवायला सही कोणाची यात दिवस जातात म्हणून जास्त. म्हणून पहिली दोन वर्षं मी डिझाइनमध्ये न जाता फील्ड सर्व्हिसची नोकरी घेतेय. तिसऱ्या वर्षी स्पेअर पार्ट्सच्या प्लॅनिंगमध्ये जायचंय. मशीन मला कळेल, पण शंभर छोट्या गोदामवाल्यांना एकत्र खरेदी करायला लावणारा करार कसा बांधायचा आणि त्याला पैसा कोण देईल, हे मला नोकरीत शिकायला मिळणार नाही."

एमबीए कशाला याचं उत्तर शेवटच्या वाक्यात आपोआप आलं, वेगळा परिच्छेद लागलाच नाही. तुमच्या प्लॅनमध्ये "हे नोकरीत शिकता येणार नाही" असं बोट ठेवण्यासारखं काही सापडत नसेल, तर एसे सुधारून उपयोग नाही, आधी प्लॅनवर बसा.

इथला मोठा ट्रॅप म्हणजे सगळ्यांसारखं कन्सल्टिंग किंवा इन्व्हेस्टमेंट बँकिंग लिहिणं, ते सेफ वाटतं म्हणून. हार्वर्ड २+२ च्या बाबतीत तर उघड सांगतं की एमबीएकडे नेहमीच्या वाटेने न येणाऱ्यांना ते पसंती देतात: प्रत्यक्ष माल बनवणाऱ्या किंवा चालवणाऱ्या कंपनीत जाणारे, टेक्निकल रोलमध्ये जाणारे, स्वतःचं काही सुरू करणारे, किंवा घरात पहिल्यांदाच कॉलेजला गेलेले. कन्सल्टिंगची ऑफर खरंच हातात असेल तर ती लपवायची गरज नाही, फक्त तिथे कुठल्या प्रकारचं काम मागून घेणार आणि का, ते लिहा. आणि ऑफर नसेल तर कंपनीचं नाव ठासून लिहू नका, रोल लिहा.

प्लॅन बदलला तर काय, असं सगळे विचारतात. बदलू दे. तो करारनामा नाही. बऱ्याच स्कूल्स मधल्या वर्षांत तुम्ही काय करताय याची माहिती मागतात, तेव्हा सांगायचं.

## ५. "तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं काय" टाइपचे एसे

स्टॅनफर्डचा हा प्रश्न वर्षानुवर्षं तोच आहे, तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं काय आणि का, साधारण ६५० शब्द. या प्रश्नाला लोक घाबरतात आणि मग शब्दकोशातले मोठे शब्द काढतात: प्रामाणिकपणा, चिकाटी, कुटुंब. शब्द काहीही असो, वजन "का" वर आहे. आणि "का" चं उत्तर म्हणजे कारणांची यादी नव्हे, तुम्ही असे कसे झालात ते.

पायरी ३ मधली यादी इथे कामाला येते. त्यातला एक निर्णय घ्या जो महागात पडला होता. ज्या गोष्टीसाठी आपण काहीतरी गमावायला तयार झालो, तीच आपल्याला महत्त्वाची असते, बाकी सगळं आवडतं इतकंच.

दुःखाबद्दल एक सांगतो, जरा नाजूक आहे. आजारपण, घरातला मृत्यू, पैशाची ओढाताण हे लिहावंसं वाटत असेल तर जरूर लिहा, पण प्रसंगाला दोन-तीन ओळी आणि त्यानंतर तुम्ही काय केलंत त्याला बाकीची जागा. मी असे ड्राफ्ट वाचलेत ज्यात पाचशे शब्द आजोबांवर आहेत आणि लिहिणारा शेवटच्या परिच्छेदात येतो. आजोबा फार चांगले होते हे पटतं, पण अ‍ॅडमिशन त्यांना द्यायची नाहीये.

## ६. लीडरशिप, पदाशिवाय

थोडक्यात. प्रेसिडेंट, हेड, कॅप्टन या पदांचं ओझं काढून टाका. वाचणारा शोधत असतो की तुमच्यामुळे दुसऱ्या कोणाच्या वागण्यात काय बदल झाला. एका माणसाचं मत बदललंत, एवढी गोष्टसुद्धा पुरते, फक्त तो माणूस आधी काय म्हणत होता ते लिहा. विरोध करणारा मूर्ख आणि मी शहाणा असं चित्र आलं की एसे पडला म्हणून समजा, समोरच्याचं म्हणणं त्याच्या जागी बरोबर कसं होतं ते एका वाक्यात तरी येऊ द्या.

आणि "आम्ही" किती, "मी" किती ते मोजा. सगळीकडे आम्ही असेल तर तुम्ही काय केलंत कळत नाही, सगळीकडे मी असेल तर टीमला काय वाटलं असेल ते कळतं.

## ७. हीच स्कूल का

ब्रोशरमधली नावं चिकटवू नका. तीन प्रोफेसर, दोन क्लब आणि एक सेंटर अशी माळ सगळेच ओवतात. एखाद्या विद्यार्थ्याशी बोला, ईमेलला उत्तर देतात लोक, आणि विचारा की तिथे काय करता येत नाही. मग तुमच्या प्लॅनमधल्या ज्या भोकासाठी एमबीए हवंय, त्याला तिथलं नेमकं काय बसतं ते एक किंवा दोन गोष्टींत लिहा. तुम्ही तिथे दोन ते पाच वर्षांनी जाणार आहात, तोवर कोर्स बंद झालेला असू शकतो, प्रोफेसर निघून गेलेला असू शकतो, त्यामुळे शिकवण्याच्या पद्धतीवर लिहिणं जास्त टिकतं. हार्वर्डला केस मेथड आहे, खऱ्या कंपन्यांच्या प्रसंगांवर वर्गात चर्चा करून शिकायचं, म्हणजे वर्गात बोलणं आलंच, बूथला विषय निवडायची बरीच मोकळीक आहे. यातलं तुम्हाला काय झेपतं आणि काय जड जाईल ते लिहिलंत तरी चालतं.

## ८. ड्राफ्ट, कात्री आणि दुसऱ्याचे डोळे

पहिला ड्राफ्ट मर्यादेच्या दीडपट लिहा आणि मग कापा. कापताना पहिला परिच्छेद आधी उडवून बघा, नव्वद टक्के वेळा तो नसला तरी काही अडत नाही. मग विशेषणं. मग "त्यातून मला शिकायला मिळालं की" ने सुरू होणारी वाक्यं.

दाखवायचं दोन-तीन जणांनाच. एक जो तुम्हाला चांगला ओळखतो, तो सांगेल की हे तुझ्यासारखं वाटतंय का. दुसरा जो तुमच्या फील्डमधला नाही, तो सांगेल की समजतंय का. दहा जणांना दाखवलं की दहा जणांच्या सूचनांनी एसे गुळगुळीत होतो आणि त्यात तुम्ही उरत नाही. दोघांनाही "कसा आहे" विचारू नका, "वाचून माझ्याबद्दल काय आठवतंय" विचारा, आणि त्यांनी सांगितलेलं तुम्हाला सांगायचं होतं त्याच्याशी जुळतंय का बघा.

पैसे घेऊन एसे लिहून देणारे खूप आहेत. लांब राहा. स्टॅनफर्ड स्पष्ट लिहितं की फीडबॅक घ्यायला हरकत नाही पण लिखाण आणि विचार तुमचेच हवेत, आणि फॉर्म भरताना तशी सही तुम्ही करता. एआय टूलबद्दल प्रत्येक स्कूलची पॉलिसी वेगळी आहे, ती वाचा. पॉलिसीत बसत असलं तरी एआयने घासलेल्या एसेचा सूर सगळ्यांचा एकसारखा होतो. अ‍ॅडमिशन मिळाल्यानंतर बऱ्याच ठिकाणी बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन होतं, नोकरी, मार्क्स, पदं सगळं तपासतात, त्यामुळे आकडे फुगवू नका.

## ९. रेकमेंडरला एसेशी जोडून घ्या

हा एसेचाच भाग आहे असं समजा. बऱ्याच स्कूल्स एकाच धर्तीचे प्रश्न विचारतात: बरोबरीच्या इतरांच्या तुलनेत हा कसा आहे, आणि याला दिलेला सगळ्यात महत्त्वाचा सुधारणेचा सल्ला कोणता, त्यावर याने काय केलं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एचओडीकडे नसतं, ते तुम्हाला फक्त नावाने ओळखतात. इंटर्नशिपचा मॅनेजर किंवा प्रोजेक्ट गाइड, ज्याने तुमचं काम परत पाठवलं होतं, तो हवा. त्याला निदान महिनाभर आधी सांगा, तुमचा प्लॅन आणि दोघांनी मिळून केलेल्या कामातल्या चार-पाच गोष्टी लिहून द्या. "तूच लिहून आण, मी सही करतो" असं म्हणाले तर नम्रपणे नाही म्हणा, आणि ऐकलं नाही तर माणूस बदला. तुमची आणि त्यांची वाक्यरचना एकच असली की ते दिसतं.

## १०. सबमिट करताना

- दुसऱ्याच स्कूलचं नाव राहिलंय का ते सर्च मारून बघा. हसू नका, दरवर्षी होतं
- फॉर्मच्या बॉक्समध्ये पेस्ट केल्यावर परिच्छेद आणि अवतरणचिन्हं बिघडतात, प्रिव्ह्यू पीडीएफ शेवटपर्यंत वाचा
- डेडलाइन स्कूलच्या गावच्या वेळेनुसार असते. हार्वर्डची बॉस्टनच्या दुपारी बाराची असते, रात्री बाराची नाही. एप्रिलमध्ये तिकडे डेलाइट सेव्हिंग चालू असतं, म्हणजे हिवाळ्यात पाठ केलेला फरक एका तासाने चुकतो
- एक दिवस आधी सबमिट करा, शेवटच्या तासात साइट हळू चालते

सबमिट केलेल्या सगळ्याची कॉपी जपून ठेवा, इंटरव्ह्यूला लागते. हार्वर्डचा इंटरव्ह्यू घेणाऱ्याने तुमचा अख्खा अर्ज वाचलेला असतो आणि तो एसेमधल्या एखाद्या अर्ध्या वाक्यावरून सुरुवात करू शकतो. स्टॅनफर्डला उलटं, समोरच्याकडे फक्त रेझ्युमे असतो, एसेमधली गोष्ट तिथे पहिल्यापासून सांगावी लागते. व्हार्टनला ग्रुप डिस्कशन असतं, तिथे एसे बाजूलाच राहतो. आणि नाही झालं तर नोकरी करून रेग्युलर राउंडला परत अप्लाय करता येतं, तेव्हा हाच प्लॅन तुम्ही खरंच जगलात की नाही ते लिहायचं असतं, म्हणून फाईल डिलीट करू नका.